देवगड किनाऱ्यावरचे आयसोपॉड : संग्रह उभारणीच्या नोंदी

रविवार, १७ नोव्हेंबर २०२४. देवगड, दीपगृहाखालचे खडक

आमच्या प्राणिशास्त्र विभागात आयसोपॉडांच्या नावाने एकच बरणी आहे. आत तीन प्राणी, आणि चिठ्ठीवर ‘आयसोपोडा, अरबी समुद्र’ एवढंच. कुणी पकडले, कुठे, कधी, कशावर होते, काही नाही. आयसोपॉड म्हणजे कोळंबी-खेकड्यांसारखेच कवचधारी, बहुतेक चपट्या अंगाचे आणि सात जोड्या पायांचे प्राणी. दहा हजारांहून जास्त जातींचा हा गण, त्यातल्या निम्म्याहून अधिक समुद्रातल्या, आणि समुद्राकाठच्या कॉलेजात शिकवायला ही एक बरणी. मासेमारी १ जूनला बंद होते. त्याआधी निदान मुख्य कुळांचा संग्रह उभा करायचा, आणि प्रत्येक बाटली अशी हवी की वीस वर्षांनी कुणी उघडली तरी कामाची ठरेल. दुसऱ्या कॉलेजांना हेच करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवते आहे.

वेळेबद्दल आधी. ऐन पौर्णिमेला किंवा अमावस्येला आपल्याकडे ओहोटी पहाटे लागते आणि परत संध्याकाळी, म्हणजे दोन्ही वेळा अंधारात किंवा अंधाराच्या तोंडावर. द्वितीया-तृतीयेला उधाणाचा जोर अजून असतो आणि पाणी सात-आठच्या सुमारास उतरतं. उजेडात काम होतं. आज द्वितीया, त्यामुळे वेळ बरोबर जमली.

खडकांवर सगळ्यात आधी दिसतो लिजिया एक्झोटिका. बंदराच्या भिंतीवर, होड्यांच्या कडेला सरसर पळणारा हाच. दिसतो भरपूर, हाताला लागत नाही. विद्यार्थ्यांनी हातांनी पकडले त्यांतले बहुतेक मिशा किंवा शेपटीचे लांब पाय गमावून बसले, आणि ओळखायला नेमके तेच लागतात. जाळीने झाकायचा प्रयत्नही फसला, कारण खडकाच्या भेगेत जाळी बसतच नाही. शेवटी काम झालं ते काचेच्या गुळगुळीत बाटल्यांनी. तोंड खडकाच्या पातळीला येईल अशी बाटली भेगेत रोवली, तळाशी सुक्या जवळ्याची चिमूट टाकली आणि तासाभराने परत आलो. आत पडलेल्याला वर चढता येत नाही, आणि अंग शाबूत मिळतं.

थेट स्पिरिटात टाकलं तर तडफडून पाय सुटतात. बर्फाच्या डब्यात आधी गार करायचं, हालचाल थांबली की मग स्पिरिट.

रविवार, १ डिसेंबर २०२४. प्रयोगशाळा

कालवांच्या चिकटलेल्या थरामधून, दगडांखालून स्फिरोमॅटिडी कुळातले बरेच मिळाले होते. अडचण अशी की धक्का लागला की हे प्राणी मिऱ्याच्या दाण्यासारखे गोल होतात आणि तसेच मरतात. गोल झालेल्याचं पोट, पोहण्याचे पाय, शेपटीची खालची बाजू, काहीच बघता येत नाही. सुईने उलगडले तर मधोमध तुटतात. पहिली सगळी खेप त्यात गेली.

उपाय किराणा दुकानात मिळाला: लवंगेचं तेल. थोड्या स्पिरिटात तेल मिसळून त्याचे काही थेंब समुद्राच्या पाण्यात टाकले. प्राणी हळूहळू सैल पडले आणि उलगडले. घाई करून तेल जास्त घातलं की मात्र आक्रसतात. अर्धा तास द्यावा.

चिठ्ठ्यांचं नुकसान याहून मोठं. प्रिंटरवर छापलेल्या सुबक चिठ्ठ्या बाटलीत घातल्या होत्या. आठवड्यात शाई स्पिरिटात उतरली, स्पिरिट निळसर झालं आणि कागद कोरे. वहीत क्रमांक होते म्हणून काही बाटल्या वाचल्या. ज्यांचा क्रमांक फक्त चिठ्ठीवर होता त्या टाकून दिल्या. प्राणी चांगले होते, पण ठिकाण माहीत नसलेला नमुना आधीच्या त्या बरणीतच जमा. आता जाड ट्रेसिंग पेपरवर एचबी पेन्सिल, चिठ्ठी बाटलीच्या आत, बाहेर फक्त क्रमांक. चिठ्ठीवर क्रम ठरवला आहे: ठिकाण, तारीख, ओहोटीची वेळ, कशावर किंवा कशाखाली, कुणी पकडला. नाव सगळ्यात शेवटी, आणि ते वेगळ्या चिठ्ठीवर. नाव उद्या बदलेल, बाकीचं बदलणार नाही.

खर्च: स्क्रूच्या झाकणाच्या काचेच्या बाटल्या चौदा रुपयांना एक. त्याच मापाच्या प्लॅस्टिकच्या सहा रुपयांना मिळतात, पण झाकणातून स्पिरिट उडतं. स्पिरिट कॉलेजच्या परवान्यावर मोजकंच येतं, तेव्हा प्लॅस्टिकची बचत परवडत नाही.

रविवार, १५ डिसेंबर २०२४. बंदर

परजीवी आयसोपॉडांसाठी माशांकडे वळलो. लिलाव झाल्यावर टोपल्यांच्या तळाशी, बर्फाच्या पाण्यात हे किडे सुटून पडलेले असतात. विद्यार्थ्यांनी ते गोळा करायला घेतले, पण मी थांबवलं. टोपलीत बांगडे, तारल्या, मधेच एखादा लेप. कोणता किडा कोणत्या माशावरचा हे सांगायची सोयच नाही. परजीवीच्या बाबतीत यजमान मासा हीच अर्धी नोंद.

म्हणून एका काकींकडे बसून त्यांचे बांगडे एकेक तपासू द्यायची विनंती केली. त्यांना नवल वाटलं नाही. “बाई, ह्यो किडो बांगड्याच्या कल्ल्यात असताच. आमी काढून टाकतो नि धुतो,” म्हणाल्या आणि अंगठ्याने कल्ल्याचं झाकण उचलून दाखवलंसुद्धा. त्यांची नजर आमच्यापेक्षा तयार: झाकण जरा फुगलेलं दिसलं की त्या तो मासा बाजूला काढायच्या. आम्ही सरसकट सगळे उघडत होतो त्यापेक्षा हे कितीतरी जलद. ज्यांच्यात किडा निघाला ते सगळे बांगडे विकत घेतले, कारण मासा तसाच परत देणं बरोबर नव्हतं. आजच्या खर्चाचा मोठा भाग बांगड्यांवर गेला.

कल्ल्यातला हा नोरिलेका इंडिका, सायमोथोइडी कुळातला. हेन्री मिल्न-एडवर्ड्‌स यांनी १८४० मध्ये नोंदलेली जाती. भिंगाखाली बघताना दोन गोष्टी नजरेत भरल्या. एक, मादीचं सगळं अंग एका बाजूला वळलेलं, कारण कल्ल्याच्या अरुंद कप्प्यात ती त्याच बाकात वाढते. डाव्या कल्ल्यातली आणि उजव्या कल्ल्यातली आरशातल्यासारख्या उलट्या. म्हणून चिठ्ठीवर ‘डावा’ किंवा ‘उजवा’ लिहायला सुरुवात केली. दोन, सातही जोड्यांच्या पायांना आकडे. चालायचे पाय उरलेलेच नाहीत, सगळे धरून ठेवण्यासाठी.

एका मादीची शिशुधानी उघडली. पोटाखाली पातळ पत्र्यांची पिशवी, आत पिल्लं दाटीवाटीने, काळे डोळे स्पष्ट. पायांच्या जोड्या मोजल्या: सहा. सातवी जोडी नंतर कात टाकताना येते. कोळंबीसारखी पाण्यात तरंगणारी कोवळी अळी या गणात सहसा नसते. पिल्लू आईच्या पिशवीतून जवळजवळ तयार होऊनच बाहेर पडतं. किनाऱ्याकिनाऱ्यावर वेगळ्या जाती का सापडतात याचं मोठं कारण हेच, पिल्लं सहसा आईपासून लांब जात नाहीत. मुलांना हे तोंडी सांगून कधी पटलं नव्हतं, आज भिंगाखाली पटलं.

बऱ्याचदा मादीबरोबर एक लहान प्राणीही मिळतो. तो नर. सायमोथोइडी आधी नर म्हणून वाढतात आणि पुढे मादी होतात. जोडी एकाच बाटलीत ठेवायची, वेगवेगळ्या जाती समजून वेगळी करायची नाही. आमच्या दोन गटांनी ती वेगळी केली होती. वहीवरून परत जुळवली.

शनिवार, ४ जानेवारी २०२५. तारामुंबरी-मिठमुंबरीची खाडी

कांदळवनात जिवंत मुळाला कोयता लावायचा नाही, हे आधीच ठरवलं. कांदळवन संरक्षित आहे, आणि त्याची गरजही नाही. भरतीबरोबर वाहून आलेली, मेलेली कांदळाची आधारमुळं आणि जुन्या मेढी चिखलात पडलेल्या असतात. त्यांतच स्फिरोमा टेरेब्रान्स सापडतो.

लाकडातली भोकं सरसकट एकच समजू नका. शेजारी शेजारी दोन उपद्रवी राहतात. भोक आतून पांढऱ्या चुन्याने लिंपलेलं असेल तर तो टेरेडो, म्हणजे लांबलचक शंखवर्गीय प्राणी. चुना नाही, भोक पेन्सिल जाईल एवढं गोल आणि सरळ आत गेलेलं, तर बहुधा स्फिरोमा. लाकूड तंतूंच्या दिशेने फोडायचं. आडवा घाव घातला की नेमका प्राणी कापला जातो.

एका बिळात मादी तोंडाशी आणि तिच्या मागे पिल्लांची रांग होती. ही मादी पिल्लं बाहेर आल्यावरही काही काळ बिळातच सांभाळते. स्फिरोमा लाकूड पोखरतो पण खात नाही. बीळ हा नुसता निवारा, अन्न पाण्यातून गाळून घेतो. लाकूड खरोखर खाणारा आयसोपॉड म्हणजे लिमनोरिया. त्याला लाकडातलं सेल्युलोज पचवायला पोटात जिवाणू लागत नाहीत, पाचकरस तो स्वतःच तयार करतो. त्याची बिळं वरवर, पृष्ठभागालगत असतात आणि त्यांवर श्वासासाठी बारीक भोकांची ओळ असते. बंदरावरच्या जुन्या फळ्या दिवसभर तपासल्या, लिमनोरिया मिळाला नाही. त्याची बाटली रिकामी ठेवली आहे.

मुलांनी एक ‘दोन रंगांची नवी जात’ आणून दिली: पुढचा अर्धा भाग गडद, मागचा फिका आणि जरा रुंद. तीही स्फिरोमाच. आयसोपॉड कात दोन हप्त्यांत टाकतात, आधी मागची, काही वेळाने पुढची. मधल्या वेळेत पकडला गेला की असा दिसतो. हा नमुना वेगळा जपून ठेवला आहे, शिकवायला याहून चांगला मिळणार नाही.

शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५. मिठमुंबरीची पुळण

वाळूतल्या सिरोलॅनिडी कुळासाठी चाळणी. स्वयंपाकघरातली पिठाची चाळण फार बारीक, ओली वाळू त्यातून उतरतच नाही. सकाळचा निम्मा वेळ तिच्यापायी गेला. एक मिलिमीटर भोकांची जाळी लाकडी चौकटीला ठोकून घेतली आणि लाटेच्याच पाण्यात हलवली, मग काम झपाट्याने झालं. भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात एक्सिरोलाना मिळाला. जातीपर्यंत नेण्यासाठी तोंडाचे अवयव सोडवावे लागतील, तूर्त प्रजातीवर थांबले आहे.

त्याशिवाय सापळे. पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा, एका टोकाला जाळी, दुसऱ्या टोकाला कापलेल्या बाटलीचं नरसाळं, आत तारलीचं डोकं. संध्याकाळी दोरीने मेढीला बांधले. सकाळी बहुतेकांत खेकडे होते, आणि आयसोपॉड असलेच तर खेकड्यांनी फाडलेले. नरसाळ्याचं तोंड करंगळीएवढं अरुंद केलं आणि डोकं मच्छरदाणीच्या कापडात गुंडाळलं. त्यानंतर नीट मिळायला लागले. दोरी सुंभाची नको, नायलॉनची घ्या. एक सापळा सुंभ तुटून गेला.

मालवणच्या बाजूला जाऊन यायचा आग्रह मुलांनी धरला होता. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तिथे परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही. गेलो नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी २०२५. मासळी बाजार

कोळंबीच्या एका गालावर फुगवटा दिसला की समजायचं आत बोपिरिडी कुळातला आयसोपॉड आहे. सोललेल्या कोळंबीत काही उरत नाही, सोड्यांत तर नाहीच. सकाळी लवकर जाऊन अख्खी कोळंबी बघावी लागते. शिवाय फुगवट्यासकट अख्खी कोळंबीच बाटलीत ठेवावी, म्हणजे यजमानाची जात पुढे कुणालाही तपासता येते.

एका कोळंबीचं कवच बाजूने सोडवलं. मादी पानासारखी चपटी, वाकडी, एका बाजूचे पाय नीट आणि दुसऱ्या बाजूचे खुरटलेले, डोळेही नाहीत. तिच्या पोटाखाली तांदळाच्या कणीपेक्षा लहान नर. नुसत्या मादीकडे बघून हा आयसोपॉड आहे हे अनुभवी माणूससुद्धा चटकन सांगणार नाही. नराकडे बघितलं की सात जोड्या पाय मोजता येतात आणि शंका मिटते. म्हणून नर हरवू देऊ नका, मादी उलटी करून पाण्याच्या थेंबात भिंगाखाली शोधा.

याचा जीवनक्रम मी फळ्यावर काढून दाखवला: पिल्लू आधी कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारीला चिकटतं, त्यावर वाढतं, मग त्याला सोडून कोळंबी गाठतं. एका आयुष्यात दोन यजमान, आणि दोन्ही कवचधारीच.

शनिवार, ८ मार्च २०२५. कपाट लावणं

आता खरं अडलं. विभागात जी जुनी ओळख-तालिका आहे तिच्यात सिरोलॅनिडी, सायमोथोइडी, स्फिरोमॅटिडी आणि लिमनोरिया हे सगळे ‘फ्लॅबेलिफेरा’ या एका उपगणात आहेत, कारण सगळ्यांची शेपटी पंख्यासारखी पसरते. बोपिरिडी ‘एपिकॅरिडिया’ म्हणून वेगळे. त्याप्रमाणे कपाटाचे कप्पे रंगवले, पाट्या लावल्या. मग लक्षात आलं की २००३ मध्ये अँगेलिका ब्रांट आणि गॅरी पूअर यांनी फ्लॅबेलिफेरा मोडीत काढला आहे. पंख्यासारखी शेपटी हे जुनं, सगळ्यांकडे वारशाने आलेलं लक्षण. त्यावरून जवळचं नातं सिद्ध होत नाही. त्यांच्या मांडणीत सिरोलॅनिडी, सायमोथोइडी, नॅथिइडी आणि बोपिरिडी हे सगळे सायमोथोइडा या उपगणात येतात, स्फिरोमॅटिडी वेगळ्या उपगणात आणि लिमनोरियाही वेगळा.

पाट्या परत रंगवायला लागल्या, रंगाचे पैसे दुप्पट झाले. पण नव्या मांडणीने कप्पे असे लागले की बघणाऱ्याला आपोआप गोष्ट दिसते: आधी मेलेले मासे खाणारा मोकळा सिरोलॅनिडी, मग माशाला कायमचा चिकटलेला नोरिलेका, मग कोळंबीच्या कवचाखाली आकार हरवून बसलेला बोपिरिडी. ड्रायर आणि वेगेले यांनी २००१ मध्ये जनुकं आणि शरीररचना दोन्हींवरून मांडलं होतं की कवचधारींवरचे हे परजीवी माशांवरच्या परजीवींपासून आले. यावर वाद आहे, म्हणून पाटीवर ‘उत्क्रांतीचा क्रम’ असं लिहिलेलं नाही. ‘मोकळं जगणं ते परजीवी जगणं’ एवढंच लिहिलं आहे, त्यात डोळ्यांना दिसतं तेवढंच येतं.

लिजियाने सर्वांत जास्त विचार करायला लावला. परंपरेने तो ऑनिस्किडिया या उपगणात, म्हणजे बागेतल्या कुंडीखालच्या किड्यांच्या सोबतीने. समुद्रातून जमिनीवर येतानाचा मधला टप्पा म्हणून तो सगळीकडे शिकवला जातो, मीही शिकवला आहे. २०१९ मध्ये दिमित्रिऊ, तैती आणि स्फेन्थूराकिस यांचा जनुकीय अभ्यास आला. त्यात लिजिया बाकीच्या जमिनीवरच्या आयसोपॉडांपेक्षा समुद्री गटांच्या जवळ पडतो. तसं असेल तर आयसोपॉड जमिनीवर एकाहून जास्त वेळा चढले, आणि आपल्या बंदराच्या भिंतीवरचा हा प्राणी मधली पायरी नसून स्वतंत्रपणे वर आलेला आहे. मला ही कल्पना फार मोलाची वाटते. लिजियाची बाटली आता दोन कप्प्यांच्या मधल्या पट्टीवर आहे आणि शेजारी दोन्ही मतं लिहिली आहेत.

नाव वेगळ्या चिठ्ठीवर ठेवल्याचा फायदा आज झाला. सगळं कपाट फिरवलं, एकही मूळ चिठ्ठी बाटलीतून काढावी लागली नाही.

मुलांना ओळखायला तालिका शेपटीवरूनच केली आहे, कारण ती साध्या भिंगाने दिसते. शेपटीचे पाय काडीसारखे आणि टोकाला: लिजिया. बाजूला, पंख्यासारखे: पुढे बघा. पोटाचे खंड सुटे आणि पाय चालायचे: सिरोलॅनिडी. खंड सुटे पण सगळ्या पायांना आकडे: सायमोथोइडी. खंड एकमेकांत मिसळलेले: स्फिरोमॅटिडी. शेपटीचे पाय दाराच्या फळ्यांसारखे पोटाखाली मिटलेले: वाल्विफेरा, तो आम्हाला अजून मिळालेला नाही. तालिका ओळखीपुरती आहे, नात्यांसाठी नाही, हे तिच्या माथ्यावरच लिहिलं आहे.

रविवार, १३ एप्रिल २०२५

फोटोंवर बराच वेळ गेला. स्पिरिटात बुडालेला प्राणी चमकतो, कोरडा काढला की पाच मिनिटांत सुरकुततो. ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून, दोन्ही बाजूंनी ट्रेसिंग पेपर लावलेले दिवे घेतले तेव्हा पायांचे काटे दिसले. कॅमेरा मायक्रोस्कोपला जोडायचा, २,८०० रुपयांचा, पुरतो. मापाची पट्टी प्रत्येक फोटोत हवीच.

सगळ्यांना बॅथिनोमस हवा आहे. आल्फोन्स मिल्न-एडवर्ड्‌स यांनी १८७९ मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या नमुन्यावरून त्याचं वर्णन केलं. फूटभर लांबीपर्यंत वाढणारा हा सिरोलॅनिडींचाच नातेवाईक खोल समुद्राच्या तळाशी राहतो. आमच्या होड्या तेवढ्या खोलात जात नाहीत. चित्र मूळ आकारात छापून एक्सिरोलानाच्या बाटलीशेजारी लावलं.

जुन्या काळासाठीही एक पाटी केली. सर्वांत जुना ज्ञात आयसोपॉड, हेसलरेला, अमेरिकेत इलिनॉयमध्ये मिळाला. श्रॅम यांनी १९७० मध्ये त्याचं वर्णन केलं. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा आणि समुद्रातला. त्याच गटाचे आजचे वंशज मात्र गोड्या पाण्यात उरले आहेत, आणि त्यांतला एक, निकोल्सिया, काशीच्या विहिरीतून १९५० मध्ये नोंदला गेला.

शनिवार, ३१ मे २०२५

उद्यापासून मासेमारी बंद. पावसाआधीची कामं: सगळ्या बाटल्यांची पातळी बघून स्पिरिट भरलं. प्रत्येकीत थोडं ग्लिसरीन घातलं, म्हणजे कधी स्पिरिट उडालंच तरी प्राणी वाळून काचेला चिकटणार नाही. प्राण्याच्या अंगातल्या पाण्याने पहिलं स्पिरिट पातळ होतं, ते दुसऱ्या दिवशी बदलायचं राहून गेलेल्या काही बाटल्यांतले नमुने मऊ पडले आहेत. ते डिसेक्शनला काढले. प्रत्येक जातीचे एक-दोन प्राणी ९५ टक्क्यांच्या स्पिरिटात वेगळे ठेवले आहेत, पुढे कुणाला डीएनए काढायचा असेल तर. फॉर्मॅलिन कशालाही लावलेलं नाही. मायक्रोस्कोपच्या भिंगांना गेल्या पावसाळ्यात बुरशी धरली होती, यंदा तो दिवा लावलेल्या बंद पेटीत जाईल.

राहिलेले: लिमनोरिया, वाल्विफेरा आणि नॅथिइडी. नॅथियाची पिल्लं माशाचं रक्त पितात आणि प्रौढ काहीच खात नाहीत. नराला चिमट्यासारखे मोठे जबडे असतात आणि पिल्लू त्याच्याशी इतकं वेगळं दिसतं की एके काळी दोन्ही वेगळ्या प्रजाती मानल्या होत्या. प्रौढ स्पंजांत आणि खडकांच्या भोकांत राहतात. गणपतीनंतर पाणी निवळलं की ओहोटीच्या रेषेखालचे स्पंज धुऊन गाळायचे आहेत. बांगड्यावरचे नोरिलेका, डावे आणि उजवे दोन्ही, आमच्याकडे जास्तीचे आहेत. कोकणातल्या ज्या विभागाला हवे असतील त्यांनी काचेची बाटली घेऊन यावं, यजमानाच्या नोंदीसकट देऊ.